टाकीतलं तेल

३ जून, सोमवार
नातीने वही दिली. म्हणाली, आजी, प्रयोगशाळेत ज्याने त्याने रोजचं काम लिहून ठेवायचं, बाटल्या धुणाऱ्यानेसुद्धा. माझी मजल चौथीपर्यंत, घ्या लिहून. सत्तराव्या वर्षी विद्यापीठात नोकरी, वर पांढरा कोट! आरशात पाहिलं तर थेट डॉक्टरीण.

नातीची पाच वर्षं एका पोलादी टाकीत आहेत. आतल्या जंतूंना खाणावळींचं जळकं तेल पाजायचं, ते त्याचा पातळ पापुद्रा करतात. दिसायला प्लास्टिक, पण मातीत विरघळतो. ऊब लागते त्यांना. म्हणजे विरजणच की! नियम एकच: टाकीतून निघालेलं काहीही आधी वाफेच्या यंत्रात उकळायचं, मगच फेकायचं.

६ जून
नातीच्या वरच्या मोठ्या बाई हसल्या की नुसते दात हसतात. त्यांनी रबरी हातमोजे दिले. ते घालून दोन बाटल्या फोडल्या, मग मोजे खुंटीला.

टाकीत वर उरलेलं तेल तरंगतं. नितळ, वास म्हणून नाही. असलं सोनं उकळून फेकायचं? उतू जाईल इतकं शिकलेत, पण अक्कल नाही. एक बाटली घरी आणली. भेगाळलेल्या हातांना चोळलं, लोण्यासारखे झाले.

९ जून, रविवार
नातीच्या केसांचा झाडू झालाय. तेच तेल चोपडलं डोक्यावर. कुठलं म्हणून विचारत होती. शेजारणीने दिलं म्हटलं. भोचक मेली.

१४ जून
बोटं चकाकतात. उकळती बाटली धरली, चटका लागला नाही. बरंच झालं.

१९ जून
टाकीतले जंतू मेले. कशाने, कुणाला कळेना. महिनाअखेरीस काम तपासायला पाहुणे येणार, पापुद्रा दाखवला नाही तर पोरीची पदवी बुडाली. फरशीवर बसून रडत होती. डोळे पुसायला हात पुढे केला. तिने तो धरला. खिडकीशी नेला. उलटापालटा करून पाहिला. रडणं थांबलं.

२० जून
नातीने तळव्यावरून पापुद्रा सोलून काढला. म्हणे, टाकीने इतका चांगला कधी दिलाच नव्हता. हातांना तेल लावल्याचं कबूल केलं. डोक्याचं नाही. ओरडली असती.

डॉक्टरकडे ने म्हटलं. म्हणे, औषधाने जंतू मरतील, पाहुणे येऊन जाऊ देत. मोठ्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला. मोजा घालून.

२३ जून
मला प्रयोगशाळेतल्या गरम खोलीत ठेवलंय. दाराला बाहेरून कडी. नात दर चार तासांनी हाताला तेल पाजते, सोलते, इथल्याच तराजूवर ठेवते. टाकीत आणि माझ्यात फरक एवढाच, टाकीला चहा लागत नाही.

२५ जून
करंगळी पापुद्र्याबरोबर निघाली. दुखलं नाही. पोरीने तीही वजनात धरली.

२७ जून
डाव्या हाताने लिहिते. उजव्यातून आरपार दिसतं. म्हटलं, याच हाताने घास भरवले तुला. म्हणे, आजी, हलू नकोस, काटा हलतो.

२९ जून
उद्या पाहुणे. पोरीचे केस पुंजक्याने गळतात. तिला वाटतं काळजीने — मला माहीत आहे कशाने. आज डॉक्टर गाठला तर वाचेल. सांगायला हवं —

डोकं दाबून देते म्हटलं. पायाशी बसली, लहानपणी बसायची तशी. तिच्या कानामागे डाव्या हाताचं नख टेकवलं — टक्. काचेसारखं.

विचारते, आजी, काय गं?

सांगणार होते — तोंडातून निघालं, काही नाही, हलू नकोस — पापुद्रा कडेने अलगद सुटतोय — तराजू हाताशीच —