टेबलाच्या चौथ्या पायाखालचं बाड

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय वर्तमानपत्रातून दर आठवड्याला लोकांची टिंगल करणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकाखाली वा आग्रहाखाली नसून, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. प्रकृती ठीक आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे, पण तेवढ्यावरून कोणी मृत्युपत्र लिहायला बसत नाही.

सर्वप्रथम एक गाऱ्हाणं नोंदवतो. ज्या टेबलावर हे लिहीत आहे ते डुगडुगतं. त्याचा मागचा डावा पाय बाकीच्या तिघांपेक्षा दीड बोट आखूड आहे. प्रत्येक वेलांटीला टेबल मान डोलावतं आणि पूर्णविरामाला शुद्धीवर येतं. वरच्या ‘राजीखुशी’तल्या वेलांट्या थोडी घेऊन आल्यासारख्या दिसतात, वकिलांनी त्यावरून माझ्याबद्दल शंका काढू नये. सुतार तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, “साहेब, पाय बरोबर आहे, जमीन वाकडी आहे.” हेच टेबल मधली आठ वर्षं मुळीच हललं नव्हतं. ते का, हे पुढे येईल. मृत्युपत्राचं खरं कारणही तेच आहे.

कलम एक. राहतं घर बायकोला. ते तिच्याच नावावर आहे, त्यामुळे हे कलम निव्वळ शोभेचं. बँकेत असेल तेही तिलाच. काय आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम दोन. धाकट्या भावाला लांब दांड्याची छत्री. ती मुळात त्याचीच. बावीस वर्षं तो मागतोय आणि मी “बघतो” म्हणतोय. दुसऱ्याची वस्तू माझ्याकडे आली की मुक्कामाला राहते, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

कलम तीन. कथासंग्रहाच्या संपादकांना माझ्या कात्रणांची निळी फाईल. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी तेरा नव्या कथालेखकांचा एक संग्रह काढायला घेतला. त्यात सातवा मी. पुस्तक निघायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत मी त्यांच्या उशिरावर एकोणीस लेख लिहिले. ‘कासवराव’ हे नाव मीच ठेवलं, आणि ते असं चिकटलं की त्यांचे व्याहीसुद्धा एकदा चुकून तीच हाक मारून बसले. ते स्वतः एकदाच बोलले. “तुमचं लिखाण झकास असतं हो. फक्त उशीर मी करत नाहीये.” मी ते वाक्य पुढच्या लेखात वापरलं. लोक खूप हसले.

कलम चार. यात कोणाला काही द्यायचं नाही, कबूल करायचं आहे.

संपादक काटकसरी. तेरा जणांना वेगवेगळे कागद पाठवण्याऐवजी त्यांनी एकच बाड केलं होतं. वर छपाईपूर्व तपासणीचे कागद, खाली सगळ्यांची मूळ हस्तलिखितं. आपली कथा तपासायची, वेष्टनावरच्या यादीत नावापुढे सही करायची आणि बाड पुढच्याच्या हातात नेऊन द्यायचं. माझ्यानंतर आठव्या क्रमांकावर होते दोन गल्ल्या पलीकडचे घड्याळवाले.

घड्याळवाल्यांनी आयुष्यात एकच कथा लिहिली, तीही साठीला आल्यावर. नक्कल ठेवली नव्हती. जिन्याखाली दुकान. एक काचेची पेटी, डोळ्याला लावायचं भिंग, आणि भिंतीवर वीसेक घड्याळं, सगळ्यांच्या वेळा निरनिराळ्या. “यातलं बरोबर कुठलं?” असं विचारलं की म्हणायचे, “बरोबर असतं ते गिऱ्हाईक घेऊन जातं. ही राहिलेली.”

बाड आलं त्या दिवशी मी माझी कथा तासाभरात तपासली, सही केली, सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं होतं. पण लेख द्यायची घाई होती, टेबल डुगडुगत होतं, आणि बाडाची जाडी नेमकी दीड बोट होती. दोन दिवसांपुरतं म्हणून पायाखाली सरकवलं. टेबल गप्प झालं आणि मी विसरलो. इथपर्यंत मी नुसता बावळट आहे.

वर्षभरानं संपादकांचं सगळ्यांना पत्र आलं, बाड कोणाकडे आहे? मी कळवलं, पुढे दिलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. घड्याळवाल्यांनी कळवलं, मला मिळालं नाही. दोघांतला एक चुकत होता, आणि नाव छापून येणारा मी होतो.

तिसऱ्या वर्षी पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं. वाकलो, तर वेष्टनावरची यादी, सातव्या नावापुढे माझी सही, आठव्यापुढे रिकामी जागा. मी टोपण उचललं. बाड तिथंच राहू दिलं. तोवर आठ लेख छापून झाले होते. उरलेले अकरा मी त्याच टेबलावर, त्याच बाडाच्या आधारानं, समजून उमजून लिहिले. त्या वर्षांत अक्षर फार सुरेख आलं.

दुकानावरून जाताना घड्याळवाले हटकायचे. “काय लेखक, आलं का आपलं पुस्तक?”

“कासवराव आहेत ना. येईल पुढच्या जन्मी.”

“तेवढं लांबवू नका. माझं शेवटचं वाक्य चुकलंय हो. कथा त्याच्या आधीच संपते, आणि मी उगाच शहाणपणा केलाय. कागद आले की तेवढी ओळ खोडतो, मग छापा खुशाल.”

हे त्यांनी मला कमीत कमी दहा वेळा सांगितलं. घरी सांगत नसत. घरच्यांना कथा बिनचूक वाटायला हवी होती.

एकदाच, भिंग न काढता म्हणाले, “तुमच्याकडेच नाही ना राहिलं, लेखक? राहतं घरात कुठंतरी. मी काही म्हणणार नाही.”

मी म्हटलं, “छे हो. तुमच्या हातात दिलं की.”

त्यांनी चिमट्यातलं चाक परत जागेवर ठेवलं. मग म्हणाले, “असेल. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही.”

आठव्या वर्षी ते गेले. दुसऱ्या आठवड्यात मी बाड ओढून काढलं, झटकलं, डाव्या हातानं पत्ता लिहिला आणि संपादकांना निनावी पाठवून दिलं. संपादकांनी यादी पाहिली आणि जे समजायचं ते समजले. आणखी फिरवाफिरवी नको म्हणून उरलेल्यांना न दाखवताच पुस्तक छापलं. प्रस्तावनेत लिहिलं, ‘आमच्या एका दिवंगत लेखकमित्राच्या विस्मरणामुळे हा संग्रह लांबला. आम्ही त्यांना मोठ्या मनाने क्षमा केली आहे.’ दिवंगत एकच होता.

प्रकाशनाच्या दिवशी मी भाषण केलं. हशा मिळाला. घड्याळवाल्यांची मुलगी शेवटच्या रांगेत बसली होती. पुस्तक मांडीवर, बोट प्रस्तावनेच्या पानात.

सबब लिहून ठेवतो की, बाड माझ्याकडे होतं. घड्याळवाल्यांना ते कधीही मिळालं नाही. संपादकांनी उशीर केला नाही. पुढची आवृत्ती निघाल्यास प्रस्तावनेतलं ते वाक्य काढून माझं नाव घालावं.

कलम पाच. हे टेबल घड्याळवाल्यांच्या मुलीला. दुकान आता तीच चालवते. लाकूड चांगलं आहे.

इथपर्यंत लिहून बायकोला वाचायला दिलं. तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानंच वाचलं.

“तरीच. आठ वर्षं मी त्याच्याभोवतीनं झाडत होते.” मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही गेल्यावर त्या पोरीला कळणार?”

“हो.”

“आणि तुम्ही कधी जाणार?”

“ते का माझ्या हातात आहे?”

“तुमच्याकडचे सगळे नव्वदी गाठतात. तोवर तिनं वाट बघायची. बापानं बघितली तशी.”

वाढीव मजकूर. त्याच दुपारी हे कागद घेऊन दुकानात गेलो. तिनं भिंग कपाळावर सरकवलं आणि सगळं वाचलं. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना “उद्या या” म्हणाली.

“बाबांनी हे दुकान दोनदा रिकामं केलं,” ती म्हणाली. “फरशीसुद्धा उचकटली. नंतर म्हणायला लागले, मीच कुठंतरी हरवलं. विसरायला होतंय म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळ्या घ्यायचे.”

हे मला माहीत नव्हतं.

“हे छापा,” ती म्हणाली. “ते एकोणीस छापले तिथंच.”

सबब कलम चार या आठवड्याचा लेख म्हणून धाडत आहे, आणि एक नक्कल संपादकांच्या घरी स्वतः देऊन येत आहे. निळी फाईलही आजच. त्यांना माझ्या मरणाची वाट पाहायला लावणं बरं नव्हे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि तोवर एकच झाला होता. ती म्हणाली, “मी करते सही.” मी वकिलांचं म्हणणं सांगितलं की, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला राहू नये.

“मग टेबल नको मला.”

“माफ केलंत असं समजू?”

“सही करते एवढंच म्हटलं. याच्याखाली बाबांचं कोणीतरी असावं.”

सबब कलम पाच रद्द. टेबल माझ्याकडेच राहील आणि डुगडुगत राहील. त्याच्या पायाखाली यापुढे कोणीही काही ठेवू नये.

ठिकाण: जिन्याखालचं घड्याळांचं दुकान
दिनांक: अकरा मार्च, वेळ भिंतीवर पाहून ठरवता आली नाही

लिहून ठेवणार: सही
साक्षीदार पहिला, आमच्या तळमजल्यावरचे शिंपी: सही
साक्षीदार दुसरी, घड्याळवाल्यांची मुलगी: सही

ता. क. सह्या झाल्यावर तिच्याकडून दुकानातली संग्रहाची प्रत मागून घेतली. काचेच्या पेटीवर ठेवून घड्याळवाल्यांच्या कथेचं शेवटचं पान उघडलं, पट्टी धरली आणि शेवटच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. पेटी जराही हलली नाही. “हे काय केलंत?” तिनं विचारलं. तिच्या बाबांनी दहा वेळा सांगितलेलं मी तिला एकदा सांगितलं. समासात सही केली नाही. ती जागा आठव्या क्रमांकाची आहे.