पिवळं कपाट

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरला नाही. मोबाईलमधल्या त्या बंद खोलीतून बाहेर पडायच्या खेळात मी आठवडाभर एका पिवळ्या कपाटाशी डोकं लावून राहिली होती. भिंतीवरच्या चित्रातले पक्षी पाहायचे, कोणता कोणीकडं तोंड करून बसला ते ध्यानात ठेवायचं, अन् त्यावरून कपाटाच्या कुलपाचा नंबर काढायचा. आज चहा पिता पिता एकदम समजलं! नंबर टाकायचाच राहिला होता, तर कूलर कोरडा पडला. अकोल्याच्या या उन्हात कूलरले वाट पाहा कसं म्हणणार? उठली, बादल्या भरून ओतल्या. वापस आली, तर पिवळं कपाट उघडं.

आमच्या यायनं, म्हणजे नवऱ्यानं, खेळाच्या उत्तराचा व्हिडिओ पाहून उघडलं होतं. वरून हसून म्हणतात, "अवो, तू अटकली होती नं. मदत केली तुले."

मदत? मदतच करायची होती तर बादली काहून नाही उचलली? पाहुण्यांसमोर मी गोष्ट सांगाले लागली, की शेवट हेच सांगून टाकतात. तेही मदतच असन!

खेळ पहिल्यापासून सुरू केला. पण ते पिवळं कपाट आता काय कामाचं? नंबर तर माहीत झाला.

आता मॅच सुरू व्हायची आहे अन् हे गाद्या, उशा उलथ्यापालथ्या करून राहिले. "रिमोट कुठं ठेवला?"

"खोलीतच आहे," म्हटलं. "व्हिडिओ पाहा, त्यात सांगते का."