लायब्ररीचा व्हॉल्व्ह

८ जाने., रवि.
ऑडिट सुरू. युनिव्हर्सिटीच्या नऊ इमारती, कूलिंग-हीटिंगला कुठं किती वीज जाते ते मोजायचं. माणसं दोन. मी आणि नवी सौदी इंजिनियर नूरा. हुशार आहे, सगळं लिहून घेते. मॅनेजरसाहेबांनी बजावलं, सौदी नोकरांचा सरकारी टक्का पुरा करायचाय, मेंटेनन्समधला एक परदेशी या महिन्यात कमी होणार. ऑडिटमध्ये ज्याची चूक निघेल तो आधी. म्हणजे मीही रांगेत. काय हुरूप येणार आता कामाला.

१० मंगळ.
लायब्ररी. बाहेर लोक स्वेटर घालून, आणि आत एसीचं गार पाणी फुल चालू, त्यावर हीटरही फुल. दोघं वर्षानुवर्षं भांडत बसलेत. शिडी लावून पाहिलं. गार पाण्याचा व्हॉल्व्ह तारेनं बांधून पूर्ण उघडा ठेवलेला. गाठ पाहिली अन् लगेच ओळखली. मेंटेनन्समधल्या आमच्या बशीरभाईंची. दाभोळला बापाच्या होडीवर शिकलेली गाठ, दुसरं कोण मारतंय इथं.
नूरानं फोटो काढला. कुणी केलं, म्हणाली. बघून सांगतो म्हटलं.

११ बुध.
जेवताना बशीरभाईंना विचारलं. एकोणीस वर्षं इथं, मला आणलं तेही त्यांनीच. लपवाछपवी नाही.
"मीच बांधला. त्याला उघडझाप करणारी मोटर जळलेली, वाचायला बसणारी पोरं उकाड्यानं बोंबलत होती. नव्या मोटरचा अर्ज तुझ्याकडनंच लिहून घेतला ना? तीन वर्षं झाली. आली का?"
नाही आली, म्हटलं. भात तसाच ठेवला.

१२ गुरु.
इथं तरी खरं लिहितो. अर्ज मी लिहिला, दिलाच नाही.
त्यांना इंग्रजी लिहिता येत नाही, त्यांचे सगळे कागद माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी, विमान, बॅगा. आल्यावर देऊ म्हटलं. विसरलो. त्यांनी विचारलं तेव्हा "दिला की" म्हणालो. एवढंच.
आता जुनी तारीख घालून... छे. ऑफिसचा शिक्का अन् नंबर कुठनं आणू.

१५ रवि.
नूराचा रिपोर्ट तयार. एक चूक नाही, मीच शिकवलंय ना. लायब्ररीपुढं बशीरभाईंचं नाव. म्हटलं, माणूस चांगला आहे. म्हणाली, "मलाही वाईट वाटतं. त्यांनी मोटर मागितली होती असा कागद दाखवा, मी नाव काढते."
घरी फोन. पोरीची बारावी. बायको म्हणाली, यंदाचं वर्ष तेवढा इकामा, तिथं राहायचा परवाना, सांभाळा. हो म्हटलं.

१८ बुध.
साहेबांनी उद्या दहाला मला, नूराला अन् बशीरभाईंना बोलावलंय. फाइल चार वेळा चाळली. न दिलेला कागद शोधतोय, मूर्खासारखा. खरं बोललो तर मी जातो, गप्प बसलो तर ते. दिवसभर सांगायचं ठरवतोय अन् जीभ उचलत नाही. स्वतःची किळस येते.
संध्याकाळी बशीरभाई खोलीवर आले, इस्त्रीचा शर्ट आहे का विचारायला. साहेबांपुढं जरा बरं दिसावं. माझा निळा दिला.
"तू रे कशाला तोंड पाडून बसलायस?" म्हणाले. "तू अर्ज दिलायस ना, मग मला कसली भीती."
बाह्या आखूड झाल्या त्यांना. चालेल म्हणाले.