नळाची मागची बाजू

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीचा खोकला थांबला का? मी खुशाल आहे, निदान ही ओळ लिहीपर्यंत तरी आहे. (नोकरी आहे, खुर्ची आहे. खुर्चीचं एक चाक गेलं आहे, पण त्या तक्रारीची वही वेगळी.)

तुम्ही विचारलं होतंत, की दहावीला दोनदा आपटलेल्या मुलाला समाजसेवेच्या संस्थेत नेमकं काम तरी काय. मामा, मी जगाने दिलेली वचनं टाइप करतो. सगळ्या देशांनी म्हणे एकत्र बसून कबूल केलं, गरिबी घालवू, हाताला काम देऊ, कोणालाही मागे ठेवणार नाही. कबूल करून सरकारं घरी गेली. वचनं पाळली जातात की नाही हे बघायचं काम आमच्यासारख्या संस्थांकडे आलं, आणि संस्थेत ते माझ्याकडे आलं, कारण संगणकाजवळ मीच बसतो.

यंदा जागतिक परिषदेने अहवाल मागवला. आमच्या संचालिकाबाई म्हणाल्या, मागच्या गल्लीला आपण पाणी दिलं, ते लिही. नळ आहे, मामा. गल्लीच्या टोकाच्या भिंतीत आहे, पितळेचा, चकचकीत. बसवला त्या दिवशी बाईंनी त्याच्यावर हात ठेवून फोटोही काढून घेतला. पाइप नंतर टाकायचा होता, पण तेवढ्यात पाण्याच्या हक्कावर तीन दिवसांची कार्यशाळा आली, मग तिचा अहवाल, मग त्या अहवालावर चर्चा. (चर्चेत प्रत्येकापुढे पाण्याची बाटली होती.) या गोष्टीला तीन वर्षं झाली.

आता फॉर्ममध्ये एक ओळ होती: पुरावा सर्व बाजूंनी द्यावा. माझा स्वभाव तुम्ही जाणता. लहानपणी मी कुलूप लावून चार वेळा ओढून बघायचो (आता सहा वेळा). मी भिंतीचा समोरून फोटो काढला आणि वळसा घालून मागूनही काढला. मागे नुसतं भोक, आणि भोकात कोळ्याचं जाळं. गल्लीतल्या शिंपीणकाकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "काढ बाबा, त्या कोळ्याचाही काढ. तुमच्या नळाचा फायदा झालेला तेवढा एकच!" मी दोन्ही फोटो जोडले, मजकूर तीनदा तपासला आणि पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते बाईंनी उभ्यानेच वाचलं. मी तोवर पेन, डबा आणि शब्दकोश पिशवीत भरून तयार होतो. पण मामा, परिषदेला फोटो भलतेच आवडले आहेत! इतका प्रांजळ अहवाल आजवर कोणत्याच संस्थेने दिला नव्हता म्हणे. भिंतीची मागची बाजू दारापेक्षा मोठी छापून सभागृहात लावणार आहेत, आणि बाईंना प्रांजळपणावर भाषण करायला बोलावलं आहे. बाईंनी माझी पाठ थोपटली आणि कपाळाला आठ्या घातल्या, दोन्ही एकाच वेळी. तेव्हा माझी काळजी नसावी. पिशवी मी अजून रिकामी केलेली नाही, इतकंच.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. पुढच्या बुधवारी मोकळे आहात का? येताना पान्हा आणि वीस फूट पाइप आणा. मुख्य जलवाहिनी भिंतीमागे तेवढ्याच अंतरावर आहे, मी मोजलं. नगरपालिकेची परवानगी तीन वर्षं आमच्या कपाटात आहे, फाइलला मीच लावली होती.

आणखी एक. बाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "भिंतीला हात लावायचा नाही. परिषदेनंतर पाहुणे बघायला येणार आहेत. पाणी आलं तर त्यांना दाखवायचं काय?" म्हणूनच बुधवार. त्या दिवशी बाई विमानात असतील. नोकरी गेली तर तुमच्या हाताखाली पाइप धरायला येईन, मामीला आधीच सांगून ठेवा.

शेवटचं. नळ कोरा आहे, एक थेंब त्यातून गेलेला नाही, तरी वॉशर नवा आणा. जुना झिजला आहे. गल्लीतल्या बायका रोज सकाळी नळ एकदा उघडून बघतात.