ब्याण्णव लिटर

९ जाने. ५६, सोम.
माहेरून पार्सल आलं. काकवीचा डबा, हरभरे अडीच शेर, आईनं शिवलेली गोधडी. चिंचवड स्टेशनावरून आणायला हमाली तीन आणे. जास्तच घेतले.
संध्याकाळी हे कारखान्यातला हिशेब घेऊन आले. गंज काढायला लोखंडी माल आम्लात बुडवतात, ती टाकी ५०० लिटरची. तक्ता परदेशी, म्हणून लिटर-किलोत; त्याप्रमाणे लिटरला १८० ग्रॅम आम्ल हवं. बरणीतलं ९८ टक्के. यांचं टक्केवारीत अडतं, गणित माझंच बरं. ९० किलो, भागिले .९८. ब्याण्णव लिटर. चिठ्ठी लिहून दिली.

१२, गुरु.
टाकीतला माल खाल्ला गेला. सगळाच भंगारात. आम्ल जवळजवळ दुप्पट निघालं. ओतणारा रशीद. म्हणाला, सांगितलं तेवढंच ओतलं. हे म्हणाले, आमचा हिशेब तक्त्याप्रमाणेच होता. साहेब तापलेले, चिठ्ठी कुणी मागितलीच नाही. रशीदला काढलं.
बिचारा. पण लक्ष देऊन ओतायचं ना.

१६, सोम.
काकवी बाटल्यांत भरली. शेजारच्या काकूंना शेरभर द्यायची, म्हणून शेरभर पाणी मावतं ती बाटली घेतली. सहज तराजूत घातली. बाटलीचं वजन सोडूनही दीड शेराला आली.
माप शेराचं, वजन दीड शेराचं. आम्लाचा हिशेब आठवला.
यांच्या कोटात हिशेबाचा कागद होता, चिठ्ठीही. बरणीवरची वि. गु. (विशिष्ट गुरुता, पाण्याच्या किती पट जड ते) १.८४, यांनी उतरवून आणलेली. त्या दिवशी दिसली होती, लागणार नाही म्हणून सोडली. आम्लाला पाण्यासारखं धरलं, किलोचे सरळ लिटर केले.
पुन्हा मांडलं. पन्नास. तीनदा मांडलं.

१७
यांना सांगितलं. ताटावरून उठले. म्हणाले, "त्याला हातांचं काम कुठंही मिळेल. मला कोण ठेवील?" मग चिठ्ठी मागू लागले. सापडत नाही म्हटलं. या वहीत आहे.
मी मोरयाच्या देवळात गेले. काय मागायचं तेच कळेना. तशीच परत आले.

१९, गुरु.
रशीदची बायको हमीदा आली. शिवण आहे का विचारत होती. बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "वैनी, भाईंना म्हणावं, साहेबांना एवढंच सांगा, एकडाव परत मोजा. ह्ये घरात बादल्यांनी मोजून दाखवत्यात आमाला, असं वतलं, असं वतलं. पोरं हसत्यात."
मी काय बोलले? पाणी घेतेस का विचारलं.

२०
हे माझ्याशी बोलत नाहीत.
दादाला कार्ड टाकलं. नक्कल:
ती. दादांस सा. न. तुम्ही शाळेत शास्त्र शिकवता म्हणून विचारते. आम्ल ९० किलो हवं, बरणीतलं ९८ टक्के, वि. गु. १.८४, तर लिटर किती घ्यावं? माझे पन्नास येतात. कशासाठी ते विचारू नये. माझं चुकत असेल तर फार बरं होईल. उत्तर माझ्या नावे घालावे, यांच्या नको. उलट टपाली कळवावे.