गुरुवारचा डबा

५ जाने., रवि.
बोर्डिंगच्या जुन्या पोरांची बैठक. जुनी पोरं म्हणजे पन्नाशी ओलांडलेली नऊ टकली आणि एक कलप. विषय गंगव्वा, आमची अव्वा. चाळीस वर्षं हिनं आमच्या पिढ्यांना भाकरी थापून घातली. आता गुडघे गेले, स्वयंपाकघर कंत्राटदाराकडे गेलं, ती मागच्या खोलीत तशीच. कंत्राटाची आमटी तिच्या घशाखाली उतरत नाही. निपाणीच्या पुढच्या गावी भाचा आहे, शिवाप्पा. तो ‘चल आमच्याकडं’ म्हणून मागे लागलाय. तिला जायचं नाही.
ठराव : सत्कार. शाल, नारळ, मानपत्र. मानपत्र मी लिहायचं. संस्कृतचा एम. ए. आणि वर्तमानपत्राचा वार्ताहर आणखी कशाला उपयोगी पडणार? बसल्या जागी अकरा विशेषणं पाडली. तिच्या खोलीत जाऊन वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं. आम्ही सगळेच तिचे ‘तम्मा’, धाकटे भाऊ.
“शाल पांघरून जेवू काय रं, तम्मा?”
ठराव बारगळला.
परतताना सर्जेराव (बोर्डिंगात माझ्या शेजारची कॉट, आता म्हशी आणि दुधाचा धंदा) म्हणाला, “पूर्वी गरिबाची पोरं वार लावून जेवायची का न्हाय, रोज एका घरी? आपण म्हातारीला वार लावू. सात वार, सात घरं.”
चाळीस वर्षांतली त्याची पहिली म्हशीविरहित कल्पना. मंजूर. मला गुरुवार.

९ जाने., गुरु.
पहिला वार. सौ.नं पिठलं-भाकरी केली, वर पुरणपोळ्या. “आठवड्यातनं एकदाच तर आहे. गोड नको?” बिनतोड.
अव्वा माझ्यासमोर बसून जेवली. आधी भाकरी उजेडाकडं धरून बघितली. “कड कच्ची हाय. बायकूला बोलू नगं. फुडच्या बारीला तूच थाप.” पुरणपोळ्या मात्र दोन्ही संपवल्या. ताटात टाकायचं नाही, हा तिचाच कायदा. आम्ही टाकलेलं ती झाकून ठेवायची आणि पुढच्या जेवणाला त्याच ताटात वाढायची. सर्जानं एकदा एकच कारल्याची भाजी सलग तीन जेवणं खाल्ली आहे.
डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हाही तिचाच कायदा. धुऊन दिला, आत कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या. खोलीमागचं झाड तिनं लावलेलं.

१६ जाने., गुरु.
गाजरहलवा सौ.चा, भाकरी माझी. आकार सीमाप्रश्नासारखा, कुठून कुठेही गेलेला. तसं तिला म्हटलंही.
अव्वा : “ह्यात बेळगाव कुठं आलं?”
पण खाल्ली. “बायकूपरीस बरी.” घरी सांगितलं नाही.
कढीपत्ता.

२३ जाने., गुरु.
अव्वा आज थंडीत तांब्यावर तांबे पाणी पीत होती. ‘घशाला कोरड पडत्या’ म्हणाली. मी ऐकून घेतलं आणि आलो. तीस वर्षं बातमीदारी.

२८ जाने., मंगळ.
सकाळीच सर्जाचा फोन. अव्वा मोरीत चक्कर येऊन पडली. साखर चारशेच्या वर. राजारामपुरीत मिलिंदच्या दवाखान्यात ठेवलीय. मिलिंद आमच्यातलाच, बुधवारचा वार त्याचा.
साती घरं व्हरांड्यात हजर. मिलिंदनं ओळीनं विचारलं, डब्यात काय काय दिलंत? सोमवार शिरा. मंगळवार म्हणजे सर्जा : खरवस, बासुंदी. मी पुरणपोळी, हलवा. शुक्रवार बेसनलाडू. शनिवार, रविवार खिरी, दोन प्रकारच्या. मिलिंदचा आवाज चढत चालला.
सर्जानं हळूच विचारलं, “आनि तुझा बुधवार, डॉक्टर?”
मिलिंद चष्मा पुसायला लागला. “श्रीखंड.”
सहा वर्षं तिच्या साखरेच्या गोळ्या हाच देतोय. डबा त्याची बायको भरते, ड्रायव्हर पोचवतो. यानं झाकण उघडून बघितलं नव्हतं.
आणि तिनं एकालाही नको म्हटलं नाही. ताटात टाकायचं नाही.

३० जाने., गुरु.
शिवाप्पा आला. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं.
“पावणं, तुमचा एकेक दिवस हाय. तिचं सातबी दिवस हायत.”
यावर खंडनमंडन संभवत नाही. सर्जानं तरी करून बघितलं, “चुकलंच आमचं. आता समदी बिनसाखरंचं...”
“आता मी न्हेतो.”
दुसऱ्या वर्षाला मला कावीळ झाली होती. दीड महिना माझं जेवण वेगळ्या चुलीवर, बिनतेलाचं. कुणी चोरून भजं दिलं तर त्याचा कान आणि माझाही. साठ पोरांचा स्वयंपाक सांभाळून एकटीनं केलं. आम्ही सात जण मिळून एका म्हातारीचं

असो.

२ फेब्रु., रवि.
अव्वा निघाली. एक ट्रंक, एक काठी, सर्जाची जीप. सर्जाच्या हातात डबा दिसला. सगळे त्याच्याकडे वळले. “ताक हाय, ताक!” तो ओरडला. झाकण उघडून मिलिंदला दाखवलं.
मी म्हटलं, तिकडं बरं वाटेल, घरची माणसं आहेत. असं बोलायचं असतं म्हणून बोललो.
“तिकडली पोरं कन्नड बोलत्यात. माझं कन्नड मोडलं रं तुमच्यासंगं बोलून.” मग शिवाप्पाकडं न बघता, “म्हैनाभर बघते.”
“म्हैना न्हवं, आत्ती. कायमचं.”
तिनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं. जीपमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाली, “झाडाला पानी घाला.”
आता झाडाला वार लावलेत. सर्जा विचारतो, खत किती? मिलिंद म्हणाला, अजिबात नाही.

६ फेब्रु., गुरु.
सकाळी सवयीनं पीठ मळायला घेतलं. दुसरी भाकरी तव्यावर टाकल्यावर ध्यानात आलं, अव्वा इथं नाही. सौ. शेजारी उभी होती. मेथी निवडून दिली. डब्यात दोन भाकऱ्या, मेथी. गोड काही नाही. मी दोनदा बघितलं.
शिवाप्पाच्या गावाला मुक्कामाची गाडी जाते, सकाळी परत येते. संध्याकाळी स्टँडवर ड्रायव्हरला गाठला, घर सांगितलं.
“आत काय हाय, पावणं?”
“भाकरी.”
“एवढ्या लांब? तिकडं जोंधळा पिकत न्हाय व्हय?”
डबा त्याच्या सीटमागं ठेवला. झाडाला पाणी घालून घरी आलो. गुरुवार माझाच.

७ फेब्रु., शुक्र.
स. साडेनऊ, स्टँड. गाडी आली. ड्रायव्हर हात हलवत उतरला. हात रिकामे.
“डबा न्हाय दिला म्हातारीनं.”
“भाकरी खाल्ली?”
“आदी उजेडाला धरून बघितली. मग माझ्याम्होरंच खाल्ली. डबा मागितला तर म्हनली, ऱ्हाऊ दे, माझी मी घिऊन येते.”
“कधी?”
“ते न्हाय म्हनली. मागनं तो बाप्या कन्नडात कायतरी बोलत हुता. जोरात.”
सर्जाला फोन केला. “मग येत्या म्हन की!” मिलिंदला केला. तो म्हणाला, आधी तिची साखर किती आहे ते विचार. शिवाप्पाला फोन लावला. त्यानं उचलला नाही.
घरी सौ. म्हणाली, गेला तो डबा, आज बाजारातनं दुसरा आणते.
म्हटलं, थांब. गुरुवारला अजून सहा दिवस आहेत.