सावकाश फिरणारं डोकं

४ जून

चि. भिंगूस अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं तुझ्या आईकडून कळलं. तू कळवलं नाहीस. भाची चार दिवस राहायला येणार म्हणून मी, जगाचे पडदे शिवणारी, पहिल्यांदा स्वतःच्या घराचे शिवले. काळे-पांढरे पट्टे, छतापासून जमिनीपर्यंत. एक सुटलेला टाका लांबून पकडतेस म्हणून तुला भिंगू म्हणते, आणि पडद्यांबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. अर्धा चहा टाकलास, जाते म्हणालीस आणि काकांच्या चपला घालून पळालीस. तेव्हापासून ते माझ्या चपलांत टाचा बाहेर काढून फिरतात.

मावशी नकोशी झाली असेल तर तसं लिही, पण चपला धाड.

लोभ उरला असल्यास उत्तर यावे.
तुझी मावशी

१५ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

असलं काही मनातसुद्धा आणू नकोस. का पळाले ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. काल कळलं. आम्हा स्वमग्न माणसांचा मेंदू चित्रं कशी बघतो याचा एक अभ्यास चाललाय, त्यात मी नाव दिलं होतं. केसांत चिकट जेल थापून डोक्यावर तारांची टोपी घालतात. वीज देत नाहीत, मेंदूतली मोजतात. मग एका डोळ्याला लाल घर दाखवतात, दुसऱ्याला हिरवा घोडा. मेंदू दोन्ही आलटून पालटून बघतो. तिथल्या बाई म्हणाल्या की बऱ्याच जणांचं डोकं एका चित्रावरून दुसऱ्यावर पटापट फिरतं, माझं सावकाश.

शेवटी संगणकावर काळे-पांढरे पट्टे आले. ते नाचायला लागले, मला मळमळलं आणि बाईंच्या आलेखावरच्या रेघा उसळल्या. सगळ्यांचं असं होत नाही, माझं होतं. तुझ्या घरी हेच झालं होतं. तू इतक्या हौसेनं दाखवत होतीस की सांगायला जीभ रेटेना.

चपला जपून ठेवल्यात. लोभ आहेच, फक्त डोळे मिटून आहे.
तुझी भिंगू

२२ जून

चि. भिंगूस पोटभर आशीर्वाद.

तारांची टोपी वाचून मी मटकन खाली बसले. काकांनी पुढचं वाचून दाखवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. अगं, आपल्या घराण्यात सगळ्यांचीच डोकी पटकन फिरतात. तुझ्या आजोबांचं तर बटण तुटलं तरी फिरायचं. सावकाश फिरणारं हे पहिलंच, तेही यंत्रावर मोजलेलं. दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला सांगते.

खरं सांगू, तू गेल्यावर मी रडले. पोरीला मी नको होते असं वाटलं. नको होते ते पट्टे, हे कळल्यावर हसत शिडीवर चढले आणि सगळे उतरवले. आता साधे शिवलेत, अगदी भिंतीच्या रंगाचे. काल उजेड हवा म्हणून काका बराच वेळ भिंत सरकवत होते. जुनं कापड वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यांना त्याचा सदरा-लेंगा शिवला. गल्लीच्या टोकावरूनही ओळखू येतात.

आता तरी येशील ना?

लोभ आहे, वाट बघणंही आहे.
तुझी मावशी

२८ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

शनिवारी येते, चपलांसकट. काकांना कपडे बदलायला सांग. ऐकलं नाही तर त्यांना नव्या पडद्यामागे उभं कर, मी भिंतीशी गप्पा मारीन.

आणि राहीन चांगली आठ दिवस. माझं डोकं एकदा तुझ्याकडे फिरलं की लवकर दुसरीकडे फिरत नाही, हे त्या बाईंच्या यंत्राला सांगायचं राहिलं.

लोभ असावा, पट्टे नसावेत.
तुझी भिंगू